शेवटाला हातात काय असतं?

शेवट गोड ते सगळं गोड, अशी एक म्हण आहे. ही पंगतीत बसून जिलबी खाणाऱ्यांची म्हण. पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्यांच्या ती कधी कामाला आली नाही. तरी सिनेमाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते हीच म्हण धरून बसतात. जयंतीच्या आठवड्यात विहारासमोर पडदा लावायचं ठरतं, कुठला पिक्चर दाखवायचा म्हणून बैठक बसते, आणि पहिलं वाक्य येतं, "रडका नको बाबा. शेवटी आपला माणूस मरतो असला तर नकोच. पोरं खचतात."

याच्या उलट दुसरी एक जमात आहे. फिल्म सोसायटीतली. त्यांना काळाकुट्ट शेवट फार आवडतो. आपला माणूस पडद्यावर मेला की हे डोळे पुसतात, "काय भेदक वास्तव आहे!" म्हणतात, बाहेर येऊन चहा पितात. घरी गेल्यावर भांडीवालीचा कप वेगळा तो वेगळाच राहतो.

मला या दोघांशी भांडायचं आहे. मी सूतगिरणीत कामाला. शाळा नववीला सुटली. पुढचं जे काय शिकलो ते पुस्तकांतून, मोर्च्यांतून आणि तिसरी पाळी संपल्यावर मोबाईलवर बघितलेल्या पिक्चरांतून. कॅमेऱ्याच्या कोनावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मी शेवटच्या सीनला एकच गोष्ट बघतो. माणसाच्या हातात काय आहे, आणि ते कुणावर पडतं? एवढं बघितलं तरी कुठला अंधार आपल्या कामाचा आणि कुठला नुसता दुसऱ्यांना रडायला सोयीचा, हे कळतं. दोस्तांना बघायला सांगावेत असे काही पिक्चर मी या कसोटीला लावतो.

*

आधी दोन कुऱ्हाडी.

'सद्गती' सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केला. तासाभराच्या आतला आहे. गोष्ट प्रेमचंदांची. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताच्या दारात जातो. नुकताच तापातून उठलेला, पोटात अन्न नाही. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, मग एक गाठाळ ओंडका फोडायला देतो. ओंडका काही फुटत नाही. दुखी तिथंच मरून पडतो, कुऱ्हाड लाकडात रुतलेली. आता मेलेल्या दुखीला शिवायचं कुणी? त्याच्या जातीचे लोक पोलिसाच्या भीतीनं येत नाहीत. शेवटी पंडितच पहाटे प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवतो आणि मेलेली जनावरं टाकायच्या जागेकडं ओढत नेतो. परत येऊन त्या जागेवर पाणी शिंपडतो, मंत्र म्हणतो. संपला पिक्चर.

ओम पुरी दुखी झाला आहे, मोहन आगाशे पंडित, स्मिता पाटील दुखीची बायको झुरिया. राय यांनी कुठं आवाज चढवलेला नाही. पंडित काही राक्षस दाखवलेला नाही, जेवून वामकुक्षी करणारा साधा गृहस्थ आहे, आणि तीच गोष्ट अंगावर येते. पण माझी कसोटी लावा. दुखी मरायच्या आधी चवताळून घाव घालतो. राग आहे, ताकद आहे, हातात धारदार हत्यार आहे. सगळं पडतं कुठं? लाकडावर. राग कुणावर आहे ते दुखीला कळत नाही. ते कळतं फक्त बघणाऱ्याला, आणि बघणारा पांढरपेशा असला तर तो कळवळून मोकळा होतो. आपल्या पोरांनी हा पिक्चर बघायलाच पायजे. पण दुखीसाठी रडायला नको, पंडिताचं ते पाणी शिंपडणं ध्यानात ठेवायला बघावा. ते पाणी आपल्या जुन्या ओळखीचं आहे. त्यावर पुढं येतो.

दुसरी कुऱ्हाड एक वर्ष आधीची. 'आक्रोश', १९८०. गोविंद निहलानी दिग्दर्शक, पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि हात तोच, ओम पुरीचा. लहान्या भिकू हा आदिवासी. बायको नागी हिच्यावर बड्या लोकांनी अत्याचार केले, तिचा जीव गेला, आणि खुनाचा आरोप लहान्यावरच. सगळा पिक्चरभर हा माणूस तोंड उघडत नाही. वकील विचारून थकतो. लहान्याला कळून चुकलंय की या कोर्टाच्या भाषेत त्याचं खरं बसणारच नाही. शेवटाकडं त्याचा बाप मरतो. अग्नी द्यायला त्याला पोलीस बंदोबस्तात आणतात. तिथं त्याच्या तरुण बहिणीवर त्याच लोकांची नजर जाते. लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीवर घालतो. मग त्याच्या गळ्यातून ती आरोळी निघते, जिच्यावरून पिक्चरचं नाव आहे.

तुम्हाला सांगतो, हा सीन बघून झोप येत नाही. पण झोप उडाली म्हणून प्रश्न विचारायचा सोडायचा का? गुन्हेगार चार पावलांवर उभे आहेत. कुऱ्हाड पडली ती बहिणीवर. तिला कुणी विचारलं का, तुला मरायचंय का म्हणून? तिच्या मरणातून भावाच्या कंठाला आवाज फुटला, तिचा स्वतःचा आवाज आपण ऐकलाच नाही. निहलानी आणि तेंडुलकर म्हणतील, व्यवस्था माणसाला इतकं कोंडते की तो आपल्याच माणसाला मारतो. खरं आहे ते. आपल्या वस्तीत दारू पिऊन बायकोला मारणारा दुसरं काय करतो? म्हणूनच मी म्हणतो, 'आक्रोश' दाखवा, पण तो बघून झाल्यावर आधी बायकांना बोलू द्या. बाप्ये मागून बोलतील.

याच पिक्चरमधल्या सरकारी वकिलावरही नजर ठेवा. दुसाने, अमरीश पुरीनं केलेला. तो स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला, आणि उभा लहान्याच्या विरुद्ध. फोनवरून त्याला जातीवरून शिव्या येतात, तो गिळतो आणि काम चालू ठेवतो. असले दुसाने आपल्यातही किती आहेत ते मोजा.

*

आता दोन दगड. दोन्हींमध्ये चाळीस वर्षांचं अंतर.

पहिला श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मधला, १९७४ सालचा. जमीनदाराचा पोरगा सूर्या लक्ष्मीला वापरतो आणि दिवस गेल्यावर झटकतो. तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या काम मागायला येतो, तर हा सूड घ्यायला आला असं समजून सूर्या त्याला फोडून काढतो. लक्ष्मी धावत येते, नवऱ्याला सावरते, सूर्याला जळजळीत शिव्याशाप देते. सूर्या दाराआड लपतो. सगळे पांगतात, आणि एक लहान पोरगा सूर्याच्या खिडकीवर दगड मारून पळून जातो. पडदा लाल होतो.

त्या काळात या दगडाचं फार कौतुक झालं. अंकुर फुटला म्हणाले. मला लक्ष्मीचे शिव्याशाप जास्त मोलाचे वाटतात. दगड खिडकीच्या काचेवर पडला. काच दुसऱ्या दिवशी नवी बसवता येते. आणि तो मारला कुणी, तर बाजूला उभं राहून बघणाऱ्या एका पोरानं. मार खाल्लेल्या माणसाच्या हातात अजून काहीच नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी, पुढंमागं कधीतरी, असा तो शेवट आहे. आशा आहे, पण उधारीची.

दुसरा दगड नागराज मंजुळेच्या 'फॅन्ड्री'मधला. पिक्चर २०१३ चा, थेटरात लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. फॅन्ड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे, तिच्यासाठी काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो. बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, गावाची पडेल ती कामं करतो. जत्रेत जब्याला नाचायचं असतं, तर बाप हाक मारून त्याच्या डोक्यावर बत्ती देतो. ज्यांनी हे भोगलं त्यांनाच कळेल, नाचणाऱ्यांना उजेड दाखवत उभं राहणं म्हणजे काय.

मग गावासाठी डुकरं धरायचं काम येतं. शाळेच्या शेजारीच. सगळा वर्ग बघतोय, शालू बघतेय, जब्या भिंतीआड लपतोय. डुक्कर हाताशी आलं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर निघून गेलं. डुकराला कसलं आलंय राष्ट्रगीत! पुढं धरलेलं डुक्कर बांबूला टांगून बापलेक नेतात, त्या वाटेच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. भिंतीवर ते, आणि भिंतीखालून हे. मंजुळे एक शब्द बोलत नाही. आपण जयंतीला ज्या भिंती रंगवतो त्यांच्याकडं यानंतर वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

गावातली टगी पोरं चिडवत मागं येतात, बहिणीलाही सोडत नाहीत. जब्या दगड उचलतो. एक, दोन, आणि शेवटचा सरळ आपल्याकडं. कॅमेऱ्यावर. पडदा काळा.

आता कसोटी लावा. हातात दगड आहे, आणि तो मार खाणाऱ्याच्याच हातात आहे. पडतो कुणावर? इतका वेळ हसत बघणाऱ्यावर. थेटरात बसलेला प्रत्येकजण त्या टग्याच्या जागेवर उभा केलेला आहे. रडून सुटायची सोयच ठेवलेली नाही. आपणही सुटत नाही बरं का. डुकरं पाळणाऱ्या, मैला उचलणाऱ्या भावंडांना आपल्यातलेच शिकलेले लोक कसे बघतात, हे ज्याचं त्यानं तपासावं. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे हे बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय. जब्याचा दगड त्या सगळ्या पायऱ्यांवरून येतो.

पुढं जब्याचं काय झालं असेल? जे पोरगं आयुष्यात पहिल्यांदा दगड उचलतं, त्याला गाव सोडेल का? पिक्चर सांगत नाही. पण 'फॅन्ड्री' लागला त्याच वर्षी, २८ एप्रिलला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याचा गुन्हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फिरले होते. काळा पडदा लेखकाच्या डोक्यातून येत नाही, तो अशा गावांतून येतो.

*

'सैराट' सगळ्यांनी बघितलाय, तरी त्यावर बोललं पायजे, कारण बऱ्याच लोकांनी तो निम्माच बघितला. २९ एप्रिल २०१६ ला लागला. झिंगाटवर थेटरात पब्लिक खुर्च्या सोडून नाचलं. पाटलाची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मच्छीमाराच्या घरचा परश्या कविता करतो. वर्गात कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या मुस्काटात आर्चीचा भाऊ वाजवतो, ती चपराक मात्र पब्लिक विसरून गेलं. पुढं दोघं पळून हैदराबादला जातात, राबून संसार उभा करतात, पोर होतं. मग एक दिवस माहेरची माणसं आहेर घेऊन येतात. चहा होतो. शेजारीण पोराला बाहेरून आणून दारात सोडते. पोर आत जातं, बघतं, रडत बाहेर येतं. आवाज नाही. फरशीवर फक्त लाल पावलं उमटत जातात.

इथं हत्यार दाखवलेलंच नाही. मारणारे हातही नाहीत. जे आहे ते पोराच्या पायाला लागलेलं. ज्या थेटरात तीन तास शिट्ट्या होत्या तिथं आवाजच काढून घेतला. नाचून दमलेल्या पब्लिकला कळलं की आपण ज्या वरातीत नाचलो ती इथवर येणार होती.

हा शेवट किती नेमका आहे ते बघायचं तर २०१८ चा हिंदी 'धडक' बघा. त्याच गोष्टीचा नवा साज. तिथं जातीचं बोट जपून जपून ठेवलंय आणि शेवटही बदललाय. पोरगा आणि लेकरू मरतं, पोरगी जगते आणि किंकाळी फोडते. म्हणजे वरच्या घरची लेक वाचली. पब्लिकनं तिच्या दुःखात सामील व्हायचं, झालं. 'सैराट' असली कुणाचीच सोय बघत नाही. तिथं आर्चीही मरते. जात वाचवायची म्हणून पाटलाचं घर आपल्या पोटची पोर मारतं. जात वरच्यांच्या घरातही काय करते, हे एवढ्या लोकांपुढं दुसऱ्या कुठल्या मराठी पिक्चरनं मांडलं? उरतं ते दोन्हीकडचं रक्त अंगात असलेलं पोर. त्याला कुणी उचलून घ्यायचं, हा प्रश्न रस्त्यावर सोडून पिक्चर संपतो.

*

'कोर्ट'मध्ये कुणाच्याच हातात काही नाही. चैतन्य ताम्हाणेचा हा पिक्चर २०१४ चा. लोकशाहीर नारायण कांबळे वस्तीत गाणं म्हणतात. गटारात उतरणारा एक कामगार मरतो. पोलीस म्हणतात, तुमच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली. बस, खटला उभा. शाहिराचं काम नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले. गाणी संभाजी भगतांची. मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते, तो भाग तर पाठ करून ठेवा. हातमोजे नाहीत, मास्क नाही. वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचं. गटारात हवा आहे का हे झुरळावरून ओळखायचं. ती रडत नाही, हिशोब सांगितल्यासारखं सांगते. ती बोलते आणि कोर्टाची बोलतीच बंद होते असं काही घडत नाही. कोर्ट तारीख देतं.

शेवटी जामीन, पुन्हा अटक, आणि कोर्टाला सुट्टी लागते. शिपाई एकेक दिवा घालवतो. पडदा काळा. लोक उठायला लागतात, आणि पिक्चर पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलाय. बाकड्यावर डुलकी लागलीय. पोरं गंमत म्हणून कानाशी ओरडतात. तो दचकून उठतो, हाताशी आलेल्या पोराला एक ठेवून देतो, आणि परत झोपतो.

बाप रे, काय शेवट आहे! रक्त नाही, प्रेत नाही. तुरुंगातला शाहीर दिसतसुद्धा नाही. सगळ्या पिक्चरमध्ये जाग आली ती एवढीच, आणि तिचा मार बसला तो ज्याचा काही संबंध नाही अशा पोराला. जे कार्यकर्ते तारखांना जातात त्यांना हा शेवट समजावून सांगावा लागणार नाही.

*

आता पहिल्या मुद्द्याकडं येतो. पोरं खचतात म्हणणाऱ्यांकडं.

ते २०२१ चा तमिळ 'जय भीम' पुढं करतात. त्यात वकील जिंकतो, पोलिसांनी कोठडीत मारलेल्या माणसाच्या बायकोला न्याय मिळतो, तिची पोरगी वकिलासमोर पायावर पाय टाकून पेपर वाचत बसते. तो दाखवाच. ज्या खटल्यावर तो बेतलाय तो खरा आहे, आणि ते पोरीचं बसणं लाख मोलाचं आहे. पण नुसता तोच दाखवला तर पोरं वकिलाची वाट बघत बसतील. दर वस्तीला चंद्रू वकील मिळत नाही.

आणि खचण्याचं म्हणाल, तर महाडची गोष्ट पिक्चर समजून बघा. २० मार्च १९२७. लोक चवदार तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी घेतलं. मग अफवा उठली, देवळात घुसणार म्हणून. मांडवात परतलेल्या, जेवत्या लोकांवर लाठ्या पडल्या. डोकी फुटली. पुढं सवर्णांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध करून घेतलं. 'सद्गती'च्या पंडितानं शिंपडलेलं पाणी हेच. पिक्चर इथं संपवला तर याहून काळा शेवट कुठला? पण आपल्या आज्या-पणज्यांना तो शेवट कुणी लपवून ठेवला नाही. कुणाचं डोकं फुटलं, तळ्यात काय ओतलं, हे गावोगावी सांगितलं गेलं. म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरला हजारो लोक पुन्हा महाडला आले आणि मनुस्मृती जळाली. तळ्याचा निकाल हायकोर्टातून आला १९३७ मध्ये. दहा वर्षं लागली. मार्चचा शेवट गोड करून सांगितला असता तर डिसेंबरला कोण कशाला आलं असतं?

रिंगफ्रेमवर हजार धागे फिरत असतात. एक तुटला की तो कुठं तुटला ते डोळ्यानं दिसावं लागतं, तेव्हाच तो सांधता येतो. काळ्या शेवटाचं काम माझ्या मते एवढंच. तुटलंय कुठं ते दाखवणं. सांधायचं काम पिक्चरचं नाही, आपलं आहे.

म्हणून माझी शिफारस अशी. सुरुवात 'फॅन्ड्री'नं करा, शाळकरी पोरांसकट. 'सद्गती' लहान आहे, एखाद्या रात्री जेवणं झाल्यावरही होतो. 'कोर्ट' कार्यकर्त्यांच्या शिबिरात दाखवा. 'सैराट' पुन्हा दाखवा, पण या वेळी गाण्यांसाठी नको. 'आक्रोश' मोठ्या माणसांना. आणि सगळ्यात शेवटी मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाल', २०१८ चा तमिळ. लॉ कॉलेजातला आपला पोरगा. त्याचं कुत्रं मारतात, त्याला मारतात, बापाची विटंबना करतात. शेवटी तो मुलीच्या बापाला तोंडावर सांगतो की तुम्ही बदलत नाही तोवर काही बदलणार नाही. शेवटच्या चित्रात टेबलावर चहाचे दोन ग्लास, मध्ये एक फूल. एक ग्लास दुधाच्या चहाचा, एक कोऱ्या. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, पण वेगळेच. हा शेवट गोडही नाही आणि काळाही नाही. आपण आज नेमके तिथंच उभे आहोत.

एक विनंती. पडदा काळा झाला की लगेच दिवे लावू नका, घोषणाही नकोत. दोन मिनिटं तसंच बसू द्या. मग दिवा लावून एकच प्रश्न टाका. हातात काय होतं, आणि कुणावर पडलं? म्हाताऱ्या बायांना आवर्जून विचारा. लोक काय बोलले ते लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. माझ्या कसोटीत जे बसत नाही तेही पाठवा. त्यावर भांडू.

जयभीम.